गेम गिअर उघडण्याआधी

प्रश्न : दादाचा जुना सेगा गेम गिअर (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) सापडला. सहा नवे सेल घातले की दिवा लागतो, पण आवाज अजिबात नाही आणि चित्र इतकं फिकट की तिरकं धरल्यावरच दिसतं. त्यात आजचा एलसीडी बसवावा म्हणतो. पण एक स्क्रू काही केल्या फिरत नाही. पेनाचं प्लास्टिक वितळवून त्यावर दाबायचं आणि फिरवायचं, असं कुणी सुचवलं. करू का?

उत्तर : नको. प्लास्टिक भोकातच तुटलं, तर पुढे योग्य अवजारही आत बसत नाही. त्या स्क्रूसाठी ४.५ मिलिमीटरचा गेमबिट (अशा खास स्क्रूंसाठीचं पेचकसाचं टोक) मिळतो, तो घ्या. (३.८ चा गेमच्या काडतुसांसाठी, म्हणजे कार्ट्रिजसाठी असतो, तो चालणार नाही.)

आता स्क्रीनचा विचार क्षणभर बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग, बिघडल्याची आहेत. १९९० च्या या यंत्रात बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर आहेत. ते गळतात आणि आतला द्रव बोर्डाचं तांबं खातो. तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीसारखा वास येतो, त्यावरूनच गळती ओळखू येते. असल्या बोर्डावर नवा स्क्रीन जोडला तरी आवाज येणार नाही आणि खालचं तांबं सडतच राहील.

खरी अडचण कपॅसिटर काढताना येते. पकडीने पिळून काढायची पद्धत सर्रास सांगितली जाते. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि कपॅसिटरबरोबर खालचं पॅडही (तो ज्यावर सोल्डर केलेला असतो ती तांब्याची चकती) उचकटून आलं. ती हळहळ अजून आहे, कारण तो बोर्ड तोवर शाबूत होता. खराब झालेलं जुनं सोल्डर सहज वितळत नाही. आधी फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावा, थोडं ताजं सोल्डर मिसळा, दोन्ही टोकं आळीपाळीने तापवा आणि कपॅसिटर आपणहून सरकेपर्यंत थांबा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा. पॅड निघालंच, तर तिथला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) कुठे जातो ते मल्टिमीटरने शोधून बारीक वायर जोडता येते.

नवे बसवताना दिशा तपासा : अॅल्युमिनियमच्या कपॅसिटरवरची काळी पट्टी ऋण बाजू दाखवते, टँटॅलम या दुसऱ्या प्रकारच्या कपॅसिटरवरची पट्टी धन. इथे गफलत झाली तर टँटॅलम पेटू शकतो. स्क्रीनमागच्या फ्लुरोसंट नळीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून उघडं यंत्र चालू असताना तिकडे बोट नेऊ नका.

हे झालं की जुनाच स्क्रीन एकदा लावून पाहा. नव्या एलसीडीसाठी मूळ नळी कायमची काढावी लागते. दादाने पाहिलेलं चित्र तुम्हाला आवडतं का, ते त्याआधी ठरवा.