जपानला वृद्धसेवेच्या कामावर जायचंय? आधी कान तयार कर

जपानमध्ये शंभरातले जवळपास 29 लोक पासष्टी ओलांडलेले आहेत, म्हणून तिथल्या वृद्धाश्रमांना माणसं पुरत नाहीत. 2019 पासून सुरू असलेल्या 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसाच्या पहिल्या टप्प्यावर 5 वर्षांपर्यंत काम करता येतं. कुटुंब सोबत नेता येत नाही; हे घरी आत्ताच सांगून टाक.

परीक्षा तीन: सेवाकामाचं कौशल्य, त्या कामापुरती जपानी, आणि सर्वसाधारण जपानी (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-4 पातळी, किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषा-परीक्षा). एन-4 ला 180 पैकी 90 गुण लागतात. पण ऐकण्याच्या भागात 60 पैकी 19 नसतील, तर एकूण 110 मिळूनही नापास. आपली पोरं इथंच अडकतात. लातूर-नांदेडच्या क्लासमधली पाठांतराची सवय कांजीला (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांना) कामी येते, कानाला नाही. रोज अर्धा तास संवाद ऐक, वाक्यागणिक थांबव, मोठ्यानं म्हण. हिरागाना, काताकाना या जपानी लिप्यांची प्रत्येकी 46 अक्षरं. आधी ती हातानं गिरव. देवनागरीत उच्चार लिहून शिकलास तर दीर्घ स्वर निसटतात: 'ओबासान' म्हणजे मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबर अशी दोनदा होते. पुण्याचं केंद्र धर, फॉर्म लवकर भर. पासपोर्टवरचं नाव दहावीच्या सनदेशी अक्षरन् अक्षर जुळव.

एजंटाचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. त्यासाठी वावर गहाण टाकू नकोस, अन् पावतीशिवाय रुपयाही देऊ नकोस.