थंडरबर्डमध्ये (कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्रॅम) अटॅचमेंट ‘डिटॅच’ केल्या, आता उघडत नाहीत. काही चुकून ‘डिलीट’ही झाल्या. परत मिळतील का?

पुढचं वाचायच्या आधी थंडरबर्ड बंद करा. ‘फोल्डर कॉम्पॅक्ट करू का?’ (म्हणजे काढलेले मेल कायमचे पुसून जागा मोकळी करू का) असं त्यानं विचारलं असेल आणि तुम्ही अजून ‘हो’ म्हटलं नसेल, तर बरंच काही वाचेल.

डिटॅच आणि डिलीट एक नव्हे. डिटॅच केलं की फाईल डिस्कवर जाते आणि मेलमध्ये फक्त तिचा पत्ता राहतो. डिलीट केलं की फाईल जाते, नावाची पाटी तेवढी उरते.

डिटॅचचा फटका मी खाल्लाय. लातूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानाचे हिशेब बघतो. काटापट्ट्या, बिलं सगळी मेलवर येतात, तीही मोबाईलवर काढलेले मोठमोठे फोटो. मेलमध्ये जाताना फाईल बेस64 मध्ये, साध्या अक्षरांच्या रूपात, बदलते, म्हणजे वर आणखी साधारण एक तृतीयांश फुगते. मेलबॉक्स जड झाला म्हणून सगळं ‘डी’ ड्राइव्हवर डिटॅच केलं. वर्षभरानं कॉम्प्युटर बदलला, त्यात फक्त ‘सी’. जुन्या फाईली डेस्कटॉपवर आणून टाकल्या आणि ऐन जीएसटीच्या तारखेला एकही उघडेना! मेलमध्ये पत्ता ‘डी’पासून फोल्डरच्या नावापर्यंत जसाच्या तसा लिहिलेला असतो. फाईल हलली, फोल्डरचं नाव बदललं, की संपलं. मग एका पेनड्राइव्हवर त्याच नावाचे फोल्डर केले, फाईली त्यात भरल्या आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पेनड्राइव्हला ‘डी’ हे अक्षर दिलं. लगेच उघडल्या. तुमचंही बहुतेक हेच झालंय, आधी पत्ता जुळवून बघा.

आता डिलीट. यात ‘अनडू’ नाही. पण थंडरबर्ड जुना मेल जागेवर खोडत नाही. अटॅचमेंट नसलेला नवा मेल लिहितो आणि जुन्यावर ‘काढलेला’ अशी खूण करतो. जुना मेल फोल्डरच्या फाईलमध्ये तसाच पडून असतो, कॉम्पॅक्ट होईपर्यंत. म्हणून ती घाई.

प्रोफाईल फोल्डरची (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग ज्यात ठेवतो तो) आधी पूर्ण कॉपी घ्या, मूळ फाईलला हात लावू नका. कॉपीत ‘इनबॉक्स’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाईल असते. मोठी फाईल पेलणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडा (नोटपॅड दम तोडतं) आणि अटॅचमेंटचं नाव शोधा. त्या मेलच्या वरच्या ओळींत ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ (X-Mozilla-Status) दिसेल. तिथे 0009 असेल तर 0001 करा. मग ही फाईल वेगळ्या नावानं लोकल फोल्डर्सच्या (फक्त कॉम्प्युटरवर राहणाऱ्या मेलच्या) जागेत ठेवा आणि थंडरबर्ड उघडा. जुना मेल अटॅचमेंटसकट दिसायला हवा. इथे मोंढ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी हे लॅपटॉपवरच करतो.

आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात ती पद्धत) असेल तर सर्व्हरवरही बदल झालेला असतो. जीमेल असेल तर ब्राउझरमधून ‘ऑल मेल’ आणि ‘ट्रॅश’ दोन्ही बघा. ट्रॅशमधलं 30 दिवसांनी कायमचं जातं.

आणि हो, ज्यानं मेल पाठवला त्याच्या ‘सेंट’मध्ये फाईल बहुतेक असतेच. मला फोन करायची लाज वाटली, म्हणून रात्री दोनपर्यंत त्या फाईलीत डोकं घालून बसलो होतो. सकाळी डाळमिलवाल्यानं दोन मिनिटांत परत पाठवली.