देशाची किती जमीन बांधकामाखाली आहे?

प्रश्न : नाशिकला जाताना कसारा मागे पडले की गाडीच्या खिडकीतून मैलोन्मैल मोकळी जमीन दिसते, इकडे मुलुंडमध्ये मुलांना खेळायला धड पटांगण नाही. देशातील नेमकी किती जमीन इमारती आणि रस्ते यांनी व्यापलेली आहे, आणि किती मोकळी आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : इमारती, रस्ते, लोहमार्ग आणि कारखाने यांच्याखाली गेलेली जमीन आपल्या देशात दहा टक्क्यांच्या आतच आहे. भारताचे भौगोलिक क्षेत्र 32.87 कोटी हेक्टर असून, त्यापैकी सुमारे 30.7 कोटी हेक्टरांच्या वापराची नोंद सरकारी भू-वापर आकडेवारीत होते. या नोंदलेल्या क्षेत्रात सुमारे 46 टक्के जमीन निव्वळ पेरणीखाली, सुमारे 23 टक्के वनांखाली आणि सुमारे 9 टक्के बिगरशेती वापराखाली आहे. उरलेल्यात पडीक, नापीक, गायरान वगैरे येते.

हा 9 टक्क्यांचा आकडा मात्र जपून वापरावा, कारण बिगरशेती या रकान्यात घरे आणि रस्त्यांबरोबर नद्या, कालवे आणि जलाशय यांच्या पाण्याखालची जमीनही धरली जाते. म्हणजे कोयनेचा शिवसागर आणि दादरमधली चाळ एकाच रकान्यात! प्रत्यक्ष बांधकामाखालची जमीन त्यामुळे 9 टक्क्यांहून बरीच कमी भरते. दुसरीकडे, कर्जत-बदलापूर पट्ट्यात सातबाऱ्यावर कधीच ‘एनए’ झालेले कितीतरी प्लॉट तारेचे कुंपण आणि विकासकाचा फलक घेऊन उभे असतात आणि आत गुडघाभर गवत असते. दप्तराच्या लेखी ती जमीन बिगरशेती झाली, उपग्रहाला मात्र तिथे गवतच दिसते.

वनांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या तुकड्यावर झाडांच्या छत्राची घनता किमान 10 टक्के असेल तो वनाच्छादनात मोजते, मग मालकी कोणाची का असेना. त्यामुळे कोकणातली हापूसची कलमबागही त्यात बसू शकते. संस्थेच्या 2023 च्या अहवालातील 21.76 टक्के वनाच्छादन हे या अर्थाने वाचावे. बाहेरच्या देशांतही तेच. जर्मनीत वसाहती आणि वाहतुकीखाली सुमारे 14.5 टक्के जमीन दाखवली जाते. पण काँक्रीट, डांबर, इमारती यांनी प्रत्यक्ष झाकलेली जमीन त्याच्या निम्म्याहून कमी आहे, बाकीच्यात बागा, उद्याने, रस्त्याकडेची हिरवळ येते. म्हणूनच व्याख्या पाहिल्याशिवाय दोन देशांची टक्केवारी शेजारी मांडू नये, असे आमचे मत आहे.

आता खिडकीतून दिसणाऱ्या जमिनीविषयी. कसारा-इगतपुरीच्या पट्ट्यातली बरीचशी जमीन वन खात्याची किंवा भातशेतीची आहे, आणि मुंबईचे पिण्याचे पाणी मुख्यतः याच टापूतील भातसा, तानसा आणि वैतरणा खोऱ्यातील धरणांतून येते. विहार आणि तुळशी हे दोनच तलाव शहराच्या हद्दीत आहेत. त्या डोंगरांवर इमारती नसल्या, तरी तिथे पडणाऱ्या पावसावर मुलुंडचे नळ चालतात. तेव्हा ती जागा वापराविना पडून आहे, असे म्हणता येणार नाही.

शिवाय देशाच्या सरासरीचा मुंबईकराला उपयोग नाही. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1,24,42,373 होती. किमान प्रमाण धरले तरी सुमारे 124 चौरस किलोमीटर जागा लागेल, म्हणजे सुमारे 28 एकरांची शिवाजी पार्कसारखी 1,100 मैदाने. महापालिकेचे सारे क्षेत्रच 458 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे खरे, पण त्याचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, आणि अभयारण्याला मुलांच्या क्रिकेटचे मैदान समजण्याची चूक निदान बिबट्या तरी करणार नाही.

प्रश्न : जिमखाना आणि गोल्फ कोर्स विकसित जमिनीत धरावेत की मोकळ्या?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : नियोजनाच्या नकाशात त्यांची गणना साधारणपणे मोकळ्या जागांत होते, कारण तिथे बांधकाम कमी असते. पावसाचे पाणी मुरण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. खेळायला जागा किती, हे पाहायचे असेल तर मात्र सर्वांना खुले असलेले ओव्हल मैदान आणि केवळ सभासदांना प्रवेश देणारे क्लबचे मैदान वेगवेगळे मोजावे. आपल्या विभागाचा विकास आराखडा महापालिकेकडे पाहता येतो. त्यात उद्यान किंवा खेळाचे मैदान म्हणून आरक्षित असलेल्या भूखंडांवर आज प्रत्यक्ष काय उभे आहे, तेही तपासून पाहावे.