आईची कंबर कित्येक वर्षं दुखतेय, सांगलीत रेकी करून घ्यावी का?

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा दिल्याचं सांगणारी पद्धत. बरं वाटावं म्हणून जरूर घ्या, पण डॉक्टरांचे उपचार थांबवून नको. ३ महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊ शकते. ताण आणि अपुरी झोप त्यात भर घालतात. शांत पडून राहिल्याने, कुणी मायेने हात ठेवल्याने जीव निवांत होतो, हा फायदा खरा आहे.

हातातून ऊर्जा वाहते याला मात्र पुरावा नाही. १९९८ साली अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रेकीसारख्याच 'थेरप्यूटिक टच'च्या २१ उपचारकांना, पडद्याआड तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, हे ४४ टक्के वेळाच ओळखता आलं. नुसत्या अंदाजानेही ५० टक्के जमलं असतं!

आयुष्यभर वाकून भांगलण केलेल्या बायकांच्या कंबरेला व्यायाम लागतो. मिरज जवळच आहे, तिथे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपी नेटाने करू द्या. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या रेकीवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.