वडील वारल्यावर पीएम किसानचा हप्ता बंद झालाय, आईच्या नावावर चालू होईल का?

होईल की. पण सातबाऱ्यावर आईचं नाव पाहिजे. आणि तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिलंय, की काका म्हणतात आईचं आणि बहिणींचं हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) करून घे, जमीन तुझ्या एकट्याच्या नावावर कर म्हणजे पुढं कटकट नको, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडं हेच झालं. आम्ही जालन्याकडचे, कापूस-सोयाबीनवाले. वडिलांचा तेरावा झाला नाही तोच चुलते कागदाचं बोलायला लागले, बाईचं नाव सातबाऱ्याला कशाला, उद्या परत वारस लावत बसाल. आईनं दुय्यम निबंधकाकडं जाऊन सही केली. माहेर तुटेल म्हणून मलाही सगळ्यांनी समजावलं, मी नाही केली. आईचा हिस्सा भावाच्या नावावर गेला. भाऊ पुण्यात कंपनीत, इन्कम टॅक्स भरतो, आणि टॅक्स भरणारा या योजनेत बसतच नाही. म्हणजे केंद्राचे ६,००० गेले आणि नमो शेतकरीचे राज्याचे ६,००० पण गेले, कारण ती यादी पीएम किसानच्याच यादीवरून निघते. वर्षाला १२ हजार. आणि रानात कोण असतं? आई. वेचणीला बाया तीच गोळा करते, खताची गोणी उधारीवर तीच आणते, बोंडांनी बोटं इतकी चिरलेली असतात की रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. अतिवृष्टीचे पैसे आले की भावाच्या खात्यावर, मग ती त्याला फोन करून मागणार. पीककर्ज, ठिबकचं अनुदान, सगळं सातबारा बघूनच मिळतं. चुलते अजून म्हणतात, घरातलं घरातच तर राहिलं. काय राहिलं घरात? पैसे आलेच नाहीत.

तर तुम्ही असं करा. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं सगळ्या वारसांची नोंद टाका, सगळ्यांची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्याच्या नावावर जमीन झाली त्याला पीएम किसान नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला यातून सूट आहे, त्यामुळं फेरफारावर, म्हणजे तलाठ्याकडच्या मालकी बदलाच्या नोंदीवर, वारस हेच कारण आलं पाहिजे. फेरफार मंजूर झाला की आईच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ (तिच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा खातेउतारा) काढा, तिचा फार्मर आयडी बनवा आणि सेतूवाल्याकडून पोर्टलवर नवीन नोंदणी करा, वडिलांच्या जुन्या नोंदणीत नाव बदलायच्या नादाला लागू नका. आईच्या खात्याला नुसतं आधार जोडून भागत नाही, डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची सोय, चालू आहे का ते बँकेत विचारा, बरेच हप्ते तिथंच अडकतात. केवायसीला अंगठा उठला नाही तर २०२३ पासून पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून होते.

हां, एक राहिलं, वडील गेल्यानंतरही त्यांच्या खात्यात हप्ता आला असेल तर एटीएमनं काढू नका, वसुली लागते. आणि वडील सरकारी नोकरीत असतील, आईला महिना १० हजार किंवा वर पेन्शन असेल तर मिळणार नाही (चतुर्थ श्रेणीवाल्यांना ही अट नाही). नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं मिळून एकच लाभार्थी, पण तुम्ही सज्ञान आहात, तुमच्या हिश्श्यावर तुमचा अर्ज वेगळा होऊ शकतो, म्हणजे आईचं नाव ठेवून तुमचं काही जात नाही.

बहिणींना सहीसाठी बोलावू नका. २००५ पासून कायद्यानं मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, तिला स्वतःहून सोडायचा असेल तर ती सांगेल. काका फारच मागं लागले तर त्यांना विचारा, काकूंचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे.