रशियाचा गॅस आणि लाइपझिगच्या आजी

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षापासून जर्मनीत लाइपझिगला शिकतो. त्याच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. अमेरिकेचं नाव काढलं की चिडतात आणि ‘रशियाचा गॅस होता तेव्हाच बरं होतं’ म्हणतात. युक्रेनवर हल्ला करणाऱ्यांची एवढी माया कशी? आणि एवढ्या श्रीमंत देशाने एकाच देशावर विसंबून राहायचंच कशाला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, मी एकवीस वर्षं याच गावात राहते. लाइपझिग पूर्वीच्या पूर्व जर्मनीत, म्हणजे सोव्हिएत गटात होतं. त्या आजींसारखं बोलणारी माणसं मला जिन्यात रोज भेटतात. त्यांना पुतिन आवडतो असं लगेच धरून चालू नका.

आमच्या तळमजल्यावरचे आजोबा वेल्डर होते. सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीने सोव्हिएत गॅसवाहिनीचा एक टप्पा बांधून दिला, त्या कामावर ते होते. इथले लोक त्या कामाला नुसतं ‘ट्रासे’ म्हणतात. पगार चांगला, शिवाय मोटारीसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागायचं ते टळलं. त्यांच्याकडे एक फोटो आहे : कानटोपी घातलेला पोरगा, मागे छातीएवढा पाइप. तो टप्पा आजच्या युक्रेनमध्ये येतो. फेब्रुवारी २०२२मध्ये तो फोटो हातात धरून ते माझ्यासमोर रडले. तुमच्या आजी शाळेत पाचवीपासून रशियन शिकल्या असणार. अमेरिका त्यांच्या लहानपणी बर्लिनच्या भिंतीपलीकडे होती. पश्चिम बर्लिनच्या माणसाला विचाराल तर तो १९४८-४९च्या सोव्हिएत नाकेबंदीत अन्न आणि कोळसा घेऊन उतरणाऱ्या अमेरिकी विमानांबद्दल सांगेल. देश एक, आठवणी दोन.

पण गॅसची सवय लावली ती पश्चिम जर्मनीनेच. १ फेब्रुवारी १९७० रोजी एसेनमध्ये करार झाला : पश्चिम जर्मनीने मोठे पोलादी पाइप द्यायचे, बदल्यात सोव्हिएत रशियाने गॅस. १९७३मध्ये गॅस आला. १९८२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी रशियाच्या नव्या वाहिनीसाठी सामान देणाऱ्या युरोपीय कंपन्यांवरही निर्बंध घातले, तेव्हा जर्मनीच काय, ब्रिटनच्या थॅचरबाईसुद्धा त्यांच्यावर उखडल्या. ‘शीतयुद्धातही रशियाने गॅस तोडला नाही’ हे वाक्य मी इथे शंभरदा ऐकलंय. व्यापार वाढला की समोरचाही निवळतो, यावर लोकांचा मनापासून विश्वास होता.

मला राग येतो तो पुढच्या काळाचा. बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीत येणारी रशियाची पहिली नॉर्ड स्ट्रीम गॅसवाहिनी २०११मध्ये सुरू झाली. युक्रेन आणि पोलंड वगळून. मार्च २०१४मध्ये रशियाने क्रिमिया गिळला आणि दीड वर्षात, सप्टेंबर २०१५मध्ये, दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीमचा करार झाला! पोलंड आणि बाल्टिक देश कंठशोष करत होते. अमेरिकाही नको म्हणत होती, पण ‘त्यांना स्वतःचा गॅस विकायचाय’ म्हणून जर्मनांनी ते उडवून लावलं. विकायचा होताच. पण म्हणून काही इशारा खोटा ठरत नव्हता, आणि पोलंडला तर काहीच विकायचं नव्हतं. २०२१मध्ये आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, रशियाचा होता. रेडेनची देशातली सर्वांत मोठी गॅस साठवण गाझप्रोम या रशियाच्या सरकारी कंपनीच्याच ताब्यात होती आणि त्या हिवाळ्यात ती जवळजवळ रिकामी होती.

मग २०२२. युद्ध पेटलं आणि रशियाचा गॅस आटला. दर महिन्याला गॅससाठी आगाऊ भरायची रक्कम, म्हणजे आब्श्लाग, माझ्या घरी ८५ युरोंवरून १९० झाली. सरकारी कचेऱ्यांत तापमान १९ अंशांच्या वर नेऊ देत नव्हते. विल्हेल्म्सहाफेन बंदरात द्रवरूप गॅस उतरवायचं तरंगतं टर्मिनल वर्षाच्या आत उभं राहिलं. आज सर्वांत जास्त गॅस नॉर्वेकडून येतो, आणि जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसमध्ये सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे. आजींची चिडचिड इथली आहे : एका दारातून सुटलो आणि दुसऱ्या दारात उभे राहिलो, तेही जास्त पैसे मोजून. ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण ज्या स्वस्ताईची त्या आठवण काढतात, तिची किंमत युक्रेनमधली माणसं मोजतायत, हे मी आजोबांनाही सांगते.

मुलाला म्हणावं, आजींशी वाद घालू नकोस. त्यांना शाळेतल्या रशियनच्या तासाबद्दल विचार. आणि ३१ डिसेंबरला मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेव. वर्षाचा हिशेब येतो तेव्हा तोच उपयोगी पडतो.