मुलांकडे मोबाइल नाहीत, शिक्षकाकडे एकच. मग वर्गात तंत्रज्ञान वापरायचे कसे?

तुमचा वर्ग सहावीचा, पट ३८, आणि सध्या दशांश अपूर्णांक चालू आहेत असे तुम्ही लिहिले आहे. तर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ दाखवण्याआधी माझ्या मते प्लिकर्स हे ॲप वापरून पाहा. व्हिडिओ संपल्यावर ‘समजलं का?’ विचारले की सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो, आणि ३८ पैकी कोण कुठे अडकले आहे ते कळतच नाही.

प्लिकर्समध्ये मोबाइल फक्त तुमच्या हातात लागतो. मुलांकडे छापील कार्ड असते. त्यावरची काळी आकृती (हाच कोड) प्रत्येक कार्डावर वेगळी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटते ते अक्षर वर येईल असे कार्ड धरायचे, तुम्ही कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. ४० कार्डांचा संच फुकट उतरवता येतो. कार्ड क्रमांक हाच हजेरी क्रमांक ठेवा. लॅमिनेशन चकाकते आणि कोड वाचला जात नाही, म्हणून कार्डे साध्या जाड कागदावर छापा. बोट आकृतीवर आले किंवा कार्ड तिरके धरले तरी तेच होते. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर दुसऱ्या बाजूला उभे राहा.

खरी मेहनत प्रश्नाची. सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.३, ०.३५, ०.३०५ की ०.०३५? ०.३०५ म्हणणारे ३०५ वाचत आहेत. ०.३ म्हणणाऱ्यांना वाटते की अंक जितके जास्त तितकी संख्या लहान. (यात ०.३५ ठेवलेच नाही, तर ३०५ वाचणारे पहिले मूल चुकीच्या कारणाने बरोबर ठरते!) ‘शून्य पॉइंट पस्तीस’ असे वाचायची सवयही घोटाळा वाढवते; ‘तीन पाच’ म्हणायला लावा.

पहिल्या फेरीचा निकाल फळ्यावर लिहू नका, नाहीतर मुले बहुमताकडे वळतात. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तर मुलांनाच आपसात वाद घालू देतात. तुमच्या वर्गात ती १२ ते २६ मुले. वेगळे उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटे पटवायचे, मग पुन्हा कार्ड. बाराच्या खाली असतील तर चर्चा म्हणजे अंदाजांची देवाणघेवाण. तेव्हा १०० चौकटींचा कागद काढा. ०.३ म्हणजे ३० चौकटी, ०.३५ म्हणजे ३५, ०.३०५ म्हणजे साडेतीस. ती अर्धी चौकट मुलांनी स्वतः रंगवायला हवी.

तासाला असे दोन प्रश्न पुरेत. रेंज नसेल त्या दिवशी वहीच्या कागदावर मोठी अक्षरे लिहून छातीशी धरायला सांगा. नोंद हाताने करावी लागेल, बाकी पद्धत तीच.